काश्यप गोत्राचा स्वार

माझ्या वडिलांना मी एक कादंबरी वाचून दाखवत होतो. तिच्यातला नायक शेवटपर्यंत जिवंत राहतो. मी त्याला मारला. वडिलांना दिसत नव्हतं, त्यामुळे पानावर काय छापलंय आणि मी काय वाचतोय हे त्यांना ताडून पाहता येत नव्हतं. तेव्हा मी त्रेपन्न वर्षांचा होतो आणि माझं डोकं ठिकाणावर होतं. बायकोनं नंतर मला सोडवायला म्हणून ‘तुम्ही थकला होता’ असं म्हणून पाहिलं. मी थकलो नव्हतो.

आमचं घर काशीत, पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत आहे. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही इथे महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे उपाध्ये. मी पहिला, जो बँकेत गेला. वडिलांनी मात्र जन्मभर घाटावर बसून समोर येणाऱ्या माणसाला तीनच गोष्टी विचारल्या: गोत्र काय, नाव काय, गाव कोणतं. ऐंशीच्या पुढे काचबिंदूनं त्यांचे डोळे गेले. मग ते खिडकीपाशी पलंगावर बसू लागले आणि मी बँकेतून आलो की दिवेलागणीपर्यंत तासभर त्यांना पोथी वाचून दाखवू लागलो.

आमच्या घरी वाचनाचा एक नियम होता. वधावर वाचन थांबवायचं नाही. मेलेला राक्षस का असेना, त्याच बैठकीत पुढे वाचत जायचं. कुणाचा जन्म, कुणाचं लग्न, निदान कुणीतरी पाणी पिऊन सावलीला बसलं, इथपर्यंत यायचं आणि मगच पोथी बांधायची. नाहीतर मेलेला ऐकणाऱ्याच्या घरी मुक्कामाला राहतो, असं वडील म्हणत. लहानपणी या नियमामुळे माझी कितीतरी जेवणं निवली.

पण सगळ्या पोथ्या त्यांना पाठ होत्या. मी ओळ सुरू करायचो आणि ते संपवायचे. एकदा वैतागून म्हणाले, “बस्स कर. पुढे काय होणार ते मला माहीत आहे. मला माहीत नाही असं काही आहे का तुझ्याकडे?”

तसं होतं. आमच्या लोकांचं एक जुनं मराठी वाचनालय त्या वर्षी बंद झालं. तिथली पुस्तकं पोत्यात भरत होते, त्यातून मी एक उचलून आणलं होतं. अमेरिकेतल्या घोडेस्वाराची कादंबरी, मराठीत आणलेली. मुखपृष्ठ गेलेलं, पहिली चार पानं गेलेली, त्यामुळे लेखक कोण आणि नायकाचं नाव काय हे मला आजही माहीत नाही. आत सगळीकडे त्याला ‘स्वार’ म्हटलंय. मी ती वडिलांच्याच खोलीत बसून मनातल्या मनात वाचत होतो.

“काय वाचतोस?” त्यांनी विचारलं.

“काही नाही.”

“काही नाही कुणी इतकं भराभर उलटत नाही. मोठ्यानं वाच.”

मी वाचायला लागलो आणि पहिल्याच संध्याकाळी ते अडकले. गोष्ट साधी होती. लढाई संपवून स्वार घरी येतो तर घर जळालेलं. एक विधवा बाई आणि तिची दोनशे गुरं यांना कोरड्या माळावरून दूरच्या नदीपर्यंत पोहोचवायचं काम तो पत्करतो. मागे तीन माणसं लागलेली. पाणी चार दिवसांचं, वाट नऊ दिवसांची.

स्वार विस्तवापाशी बसून वाळवलेलं मांस खातो असं आलं, तेव्हा वडिलांनी हात वर केला. “ते नको. सातू म्हण.”

“बाबा, तिथे सातू कुठून येणार?”

“गाय कुठून आली? तिथूनच सातू येईल. म्हण.”

मग स्वार सातू खाऊ लागला. दारूच्या जागी काढा आला. बाईनं त्याचा हात धरला की मी एक ओळ गाळायची, असंही ठरलं. पिस्तूल मात्र त्यांनी राहू दिलं. छापलेलं बदलून वाचायची सवय अशी लागली. सवय त्यांनी लावली असं लिहून मला त्यांच्यावर काही ढकलायचं नाही. सातू निराळा आणि मी नंतर केलं ते निराळं, हे मला तेव्हाही कळत होतं.

त्यांना त्या पुस्तकात काय दिसलं याचा मी नंतर खूप विचार केला. आमच्या गावात माणूस गाडीतून उतरला की त्याचं कूळ विचारतात, मेला तरी तेच विचारतात. त्या माळावर स्वार एखाद्या वस्तीत शिरतो आणि त्याला फक्त एवढंच विचारतात, की घोडा विकायचा का. एकदा ते आपणहून म्हणाले, “या माणसाला कुणी गोत्र विचारत नाही रे.” जन्मभर दुसऱ्यांना ते विचारलेल्या माणसाच्या तोंडून हे ऐकून मी वाचता वाचता थांबलो होतो. प्रत्येक प्रकरण संपलं की त्यांचा एकच प्रश्न असायचा, “घोड्याला पाणी पाजलं का?” पुस्तकात नसेल तर मी पाजायचो.

मलाही अशा कादंबऱ्यांचं वेड होतं, पण ते सोळाव्या वर्षी संपवलं गेलं. पुण्याच्या मामाकडून मी तसली अकरा पुस्तकं आणली होती आणि देवघरात पोथ्यांच्या मागे लपवली होती. वडिलांना ती सापडली. त्यांनी मारलं नाही. ते मला घाटावर घेऊन गेले, यजमानांनी भरलेल्या पायरीवर उभं केलं आणि एकेक पान फाडून गंगेत सोडायला लावलं. “विसर्जन कर,” म्हणाले. प्रत्येक पान सोडताना मोठ्यानं आकडा म्हणायचा. साताऱ्याकडच्या कुठल्याशा बायका हसत होत्या. नऊशे आणि वर काही पानांनंतर माझा आवाज बसला, तेव्हा ते म्हणाले, “उरलेली गठ्ठ्यानं टाक.”

आता त्यांनीच एकदा विचारलं, “तेव्हा तुझ्याकडची होती, ती असलीच का रे?”

“हो.”

“चांगली असतात,” ते म्हणाले, आणि पुढे वाच अशी बोटांनी खूण केली. जवळजवळ चाळीस वर्षांनी एवढंच. मी पुढे वाचलं.

स्वार सहाव्या दिवसाच्या मुक्कामाला होता तेव्हाची गोष्ट. सांगलीकडचं एक कुटुंब वडिलांच्या पाया पडायला घरी आलं. जुने यजमान, आजोबांपासूनचे. वडील खुशीत होते. त्यांनी त्या लोकांना स्वाराची सगळी हकीकत हातवारे करून सांगितली. मग मी चहा घेऊन आत आलो तशी त्यांची मान माझ्या पावलांकडे वळली.

“आणि हा आमचा,” ते म्हणाले. “विशीत असताना फौजेत निवड झाली होती याची. चिठ्ठी आली होती. मी म्हटलं, एकुलता एक आहेस, आम्हाला पाणी कोण देणार, जायचं नाही.”

“मग?” त्यातल्या म्हाताऱ्या बाईंनी विचारलं.

“मग काय! मी अडवलं आणि हा अडला. माणसात दम असता तर न सांगता निघून गेला असता. तो स्वार राहिला असता काय? हा राहिला. शिक्के मारतो बँकेत.”

सगळे हसले. वाईट मनानं नाही. म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्यावर हसतात तसे. वडीलही हसले. मी कप वाटले. कुणाला साखर जास्त हवी का तेही विचारलं.

त्या चिठ्ठीच्या वेळी ते तीन दिवस जेवले नव्हते. चौथ्या दिवशी आईनं माझे पाय धरले होते. हे मी त्या लोकांना सांगितलं नाही, आणि कप धुताना मला कळलं, की आज संध्याकाळी मी काय करणार आहे.

पाहुणे पाचाला गेले. मी पुस्तक घेऊन बसलो. छापलेल्या गोष्टीत त्या रात्री पाऊस पडतो आणि गुरं वाचतात. मी म्हणालो, “सातवा दिवस. पाणी संपलं होतं.” पाऊस मी पाडलाच नाही. मी घोड्याचा पाय एका बिळात अडकवला आणि मोडला. हाड बाहेर आलेलं सांगितलं. वडिलांचे हात पलंगाच्या कडेवर आले.

“घोड्याला पाणी?”

“पाणी नाहीये, बाबा. त्यानं पिस्तूल काढलं.”

“अरे!”

“घोड्याच्या कानामागे नळी टेकवली. घोड्यानं त्याचा हात चाटला. मग त्यानं चाप ओढला.”

मी पुस्तक मिटलं.

“पुढे?” ते म्हणाले. “पुढे वाच. असं थांबवत नाहीत.”

“डोकं दुखतंय. उद्या.”

“दोन ओळी वाच. कुठेतरी सावलीला बसव त्याला.”

“उद्या, बाबा.”

जन्मात पहिल्यांदा मी वधावर वाचन थांबवलं, आणि मला बरं वाटलं. घसा दुखत असताना गरम पाणी उतरावं तसं बरं वाटलं. सकाळी बायको म्हणाली, “ते झोपले नाहीत. भिंतीकडे तोंड करून बसले होते.” मी बँकेत गेलो.

पुढचे तीन दिवस मी स्वाराला मारत होतो. एका दिवसात मारता आलं असतं, पण मी ते लांबवलं. पहिल्या दिवशी बाई आणि गुरं त्याला सोडून पुढे गेली. दुसऱ्या दिवशी त्याची जीभ सुजली, तोंडात मावेना. गिधाडं उतरली आणि जरा अंतरावर बसून राहिली. वडिलांनी विचारलं, “आसपास कुणी नाही? एखादा गुराखी?” मी म्हटलं, “कुणी नाही.” मला हे सगळं छान सुचत होतं. बँकेत बसल्या बसल्या मी पुढच्या ओळी जुळवत असे. लहानपणी वाचलेल्या आणि पाण्यात सोडलेल्या त्या पुस्तकांनी मला लिहायला शिकवलं होतं, आणि ती विद्या मी यासाठी वापरली.

तिसऱ्या दिवशी बायको दारात उभी होती. मी स्वाराला हातापायांवर रांगायला लावलं होतं. त्याला लांबवर नदी दिसते, तो जातो, आणि तिथे पांढरी रेती असते. रेतीत तोंड खुपसून तो मरतो. वडिलांच्या बंद डोळ्यांतून पाणी येत होतं. ते पुसतही नव्हते.

बायको स्वयंपाकघरात आल्यावर म्हणाली, “पुस्तकात असंच आहे का?”

“हो.”

“अर्धा तास झाला, तुम्ही पान उलटलं नाही.”

तिनं पोळी लाटायला घेतली.

दोन दिवसांनी सर्वपित्री अमावास्या होती. डोळे गेल्यापासून वडील पितरांचं तर्पण घरीच ताम्हनात करायचे. त्या सकाळी ते उठले, धोतर नेसून तयार झाले आणि म्हणाले, “मला खाली ने. नदीवर.”

“खाली गाळ आहे, बाबा. पूर आत्ताच ओसरलाय. पायऱ्या धुतल्यासुद्धा नाहीत.”

“आपल्या लोकांना ताम्हनातलं चालतं. सवय आहे त्यांना. पण त्याला कसं चालेल?”

“कुणाला?”

“त्या स्वाराला. तहानेनं गेला तो. नदी समजून वाळूत तोंड घातलं त्यानं. त्याला मी पळीभर पाणी देऊ? त्याला गंगा दाखवली पाहिजे.”

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी मी सांगू शकलो असतो. चपला घालायला बसलो तेव्हा, गल्लीत, घाटाच्या माथ्यावरच्या मशिदीच्या कडेनं उतरताना, कुठेही सांगू शकलो असतो. एक एक पायरी मी त्यांना हात धरून उतरवत होतो, म्हणजे शंभराच्या वर पायऱ्यांएवढा वेळ माझ्यापाशी होता. पण सांगायचं म्हणजे का केलं तेही सांगावं लागलं असतं. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाची समजूत आहे, पाणी सोडेल आणि वर येईल, प्रकरण मिटेल.

खाली आमचा ओळखीचा नाववाला नाव बांधत होता. तो ओरडला, “गुरुजी, ऊपरे से कर लीं! नीचे बहुत कीचड़ हौ!”

“जेकर केहू नाहीं, ओके दूरे से पानी देब का?” वडील त्याच्याच बोलीत म्हणाले, ज्याचं कुणी नाही त्याला लांबून पाणी द्यायचं का, आणि पुढची पायरी पायानं चाचपली.

ते घोटाभर पाण्यात उभे राहिले. दक्षिणेकडे तोंड केलं, जानवं उजव्या खांद्यावर घेतलं, तीळ हातात घेतले. बापाला, आजोबाला, पणजोबाला, माझ्या आईला पाणी दिलं. मग थांबले.

“त्याचं गोत्र दिलेलं नाही ना पुस्तकात?”

“नाही.”

“ज्याचं माहीत नाही त्याचं काश्यप. नाव?”

“नाव पण नाही, बाबा.”

“मग अश्वारोही म्हणतो.” आणि जरा घुटमळून, “हात सोड. ओंजळ करायची आहे.”

मी हात सोडला. त्यांनी काश्यपगोत्री अश्वारोहीला पहिली ओंजळ दिली, दुसरी दिली. तिसरीसाठी वाकले आणि गाळावरून त्यांचे दोन्ही पाय एकदम गेले. पायरीच्या कडेवर कंबर आपटली. तो आवाज कोरडा होता, एखादी फळी मोडावी तसा. नाववाल्यानं आणि मी त्यांना उचललं तेव्हा ते ओरडत नव्हते. “तिसरी राहिली,” एवढंच म्हणत होते. नाववाल्यानं चिखलानं माखलेल्या हातांनी त्यांच्या वतीनं ओंजळभर पाणी सोडलं, तेव्हा ते गप्प झाले.

खुब्याचं हाड मोडलं होतं. त्या वयात आणि इतक्या अशक्त हृदयाला शस्त्रक्रिया झेपणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. वडील पुन्हा उठले नाहीत. चार महिने ते त्या पलंगावर होते. पाठीला जखमा झाल्या. त्या मी धुवायचो. कूस बदलताना त्यांच्या तोंडून जो आवाज निघायचा तो खाली गल्लीत ऐकू जायचा, आणि खालून जाणारी माणसं वर पाहायची. मला माझ्या गोष्टीतला तो घोडा आठवायचा.

एका संध्याकाळी बायकोनं ते पुस्तक आणून माझ्या मांडीवर ठेवलं. “आता तरी वाचा,” ती म्हणाली. “खरं ते वाचा.” आणि तिथेच बसली, मी पुन्हा काही करू नये म्हणून.

मी म्हणालो, “बाबा, मला तुम्हाला एक सांगायचंय. तो स्वार मेला नव्हता. मी खोटं वाचलं होतं. मुद्दाम वाचलं.”

“मुद्दाम?”

“तुम्ही सांगलीच्या लोकांपुढे माझ्याबद्दल बोललात, त्याचा राग होता.”

मला वाटलं आता शिव्या देतील, आणि मला त्या हव्या होत्या.

“काय बोललो मी?” त्यांनी विचारलं. त्यांना आठवत नव्हतं.

मी सांगितलं. फौजेचं, शिक्क्यांचं, सगळं. ते म्हणाले, “हां. असेल बोललो. पण तेवढ्यावरून आंधळ्या बापाला असं कोण करतं रे?” आणि हसले. दुखलं म्हणून अर्ध्यात थांबले.

मी वाद न घालता पुस्तक उघडलं आणि छापलं होतं तसं वाचलं. सातूसुद्धा घातला नाही. सातव्या दिवशी पाऊस आला. नवव्या दिवशी नदी आली, खरी नदी, दोन्ही काठ भरलेली. घोडा पोटापर्यंत पाण्यात जाऊन प्याला. बाई त्याला राहा म्हणाली. स्वारानं बूट काढून पाय पाण्यात सोडले, थोडा वेळ बसला, आणि मग घोड्याला घेऊन पलीकडे गेला. तिथे पुस्तक संपतं. मी पानं जोरानं उलटत होतो, त्यांना ऐकू जावं म्हणून.

त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग चाचपून माझं मनगट धरलं.

“घोडा पण वाचवलास,” ते म्हणाले.

“मी नाही वाचवला, बाबा. असंच छापलंय. हिला विचारा.”

“खरंच असंच आहे, मामंजी,” बायको म्हणाली. तिचा आवाज फुटला, आणि त्यानं तर त्यांची खात्रीच पटली.

“दोघं मिळून ठरवलंत. लहानपणी पण तू असाच होतास. गोष्टीत कुणी मेलेलं तुला चालायचं नाही.” त्यांनी माझं मनगट थोपटलं. “चांगलं रचलंस. पाय पाण्यात सोडले ते फार चांगलं. पण बाळा, त्याला मी पाणी दिलंय. पाणी दिलेल्या माणसाला परत आणू नये. राहू दे त्याला.”

मी आणखी दोनदा सांगून पाहिलं, एकदा त्या आठवड्यात आणि एकदा माघात, अगदी शेवटी. दोन्ही वेळा त्यांनी माझी समजूत घातली. शेवटच्या वेळी म्हणाले, “माझं करशील तेव्हा त्याचं पण करत जा. त्याला दुसरं कुणी नाही. कबूल?”

मी कबूल म्हणालो. मरेपर्यंत ते आल्यागेल्याला सांगत होते की मुलगा फार हळवा आहे, बापाचं मन राखायला गोष्टीसुद्धा बदलून सांगतो. शेजारी मला चांगला म्हणू लागले. अजून म्हणतात.

यंदा वडिलांचं वर्षश्राद्ध झालं. सर्वपित्रीला मी खाली घाटावर गेलो. गाळ होताच. नाववाला वरून म्हणाला, “भइया, सँभाल के.” मी दक्षिणेकडे तोंड केलं. वडिलांना पाणी दिलं, आईला दिलं, मागच्या सगळ्यांना दिलं. मग काश्यप गोत्र म्हटलं, अश्वारोही म्हटलं, आणि जो मेलेलाच नाही त्याला तीन ओंजळी मोजून दिल्या. तिसरीच्या वेळी पाय जरा सरकला. मी वाकून बाजूची पायरी धरली आणि सावरलो.